आवाज 'निम्मा' झाला म्हणतात, मग कानाला पत्ता का नाही?

भोवरा
मंडळी, माझा छोटा छापखाना आहे. छपाईची दोन यंत्रं आणि त्यांना हवा पुरवणारा एक कॉम्प्रेसर, सगळं एकाच हॉलमध्ये. कॉम्प्रेसर डोकं उठवतो म्हणून त्याच्याभोवती साऊंडप्रूफ पेटी बसवून घेतली. बसवणाऱ्याने कागदावर लिहून दिलंय, "आवाजात ५० टक्के घट". काम झाल्यावर मीटर लावला. आधी हॉलच्या मध्यावर ८८ डेसिबल यायचे, आता ८५ येतात. तीन डेसिबल! ८८चे निम्मे ४४ हे मला चौथीपासून माहीत आहे. बसवणारा म्हणतो, "साहेब, ३ कमी म्हणजे बरोबर निम्मा, कुणालाही विचारा." म्हणून इथे विचारतोय. कानाला तर काडीचाही फरक जाणवत नाही. मला गंडवलंय का?

निवांत
४४ डेसिबलचा छापखाना निघाला तर कळवा. दुपारची झोप काढायला येतो.

गणितवेडी
भोवरा, गंडवलं वगैरे काही नाही. माणूस गणिताने बरोबर बोलतोय. डेसिबल हे किलो किंवा मीटरसारखं एकक नाही. ते दोन राशींचं गुणोत्तर आहे आणि त्या गुणोत्तराचा लॉग घेऊन मांडलेलं आहे. त्यामुळे त्यावर शाळेतली बेरीज-वजाबाकी चालवली की घोळ होणारच.

ध्वनीची तीव्रता म्हणजे दर चौरस मीटरमागे किती वॉट शक्ती येते ते. हवेतल्या आवाजासाठी तिची एक संदर्भपातळी ठरलेली आहे, वॉटचा एक लाख कोटीवा भाग. आपला आवाज त्या संदर्भाच्या किती पट आहे ते काढायचं, त्या पटीचा दहाच्या पायाचा लॉग घ्यायचा आणि त्याला १०ने गुणायचं. झाले डेसिबल. तीव्रता १० पट झाली की १० डेसिबल वाढतात, १०० पट झाली की २०, हजार पट झाली की ३०. आणि दुप्पट झाली की? २चा लॉग ०.३०१, म्हणजे ३ डेसिबल. उलट दिशेनेही तेच. ८८वरून ८५ म्हणजे तीव्रता निम्मी. तुम्हाला हवे असलेले ४४ आणायचे तर ती सुमारे २५ हजार पट कमी करावी लागेल. तसली पेटी कुणी बनवलीच तर छापखान्यापेक्षा तिचाच धंदा करा.

अर्धविराम
गणितवेडी ताई, हिशोब पटला, पण हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? आवाज म्हणजे हवेतला दाब. दाब पास्कलमध्ये मोजता येतो. सरळ पास्कल सांगा की. लॉग घालून सामान्य माणसाला बावळट ठरवण्याची ही तज्ज्ञांची सोय वाटते.

ध्वनिलहर
अर्धविराम, पास्कलमध्ये सांगून बघू. तरुण, निरोगी कानाला १००० हर्ट्झचा जेमतेम ऐकू येणारा आवाज म्हणजे ०.००००२ पास्कल. कान दुखायला लागतात तिथे सुमारे २० पास्कल. म्हणजे दहा लाख पट. तीव्रता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे तिथे हीच पट एक लाख कोटी होते. रेकॉर्डिंगच्या टेबलावर बसून "ते ०.००६३ पास्कल आहे, जरा ०.००५६ कर" असं म्हणून बघा. मी म्हणतो, "५० आहे, एक कमी कर." काम होतं.

खालच्या टोकाला कान काय करतो तेही बघा. त्या जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजात हवेचे कण जागच्या जागी जेवढे हलतात ते अंतर एका अणूच्या व्यासाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतं. तेवढं हलणं जाणवणारं आणि गडगडाटही झेलणारं इंद्रिय एका सरळ पट्टीवर मांडायचं म्हणजे पट्टीच फाटणार.

डेसिबल मुळात आवाजासाठी जन्मलेलाच नाही, तो टेलिफोनवाल्यांचा. तारेतून जाताना संदेश क्षीण होतो आणि ही घट पटीत होते. पहिल्या मैलात अमुक हिस्सा उरतो, दुसऱ्या मैलात त्याचा तेवढाच हिस्सा. अमेरिकेतल्या बेल कंपनीचे इंजिनियर आधी ही घट 'प्रमाण केबलचे मैल' या मापात मोजायचे. १९२४च्या सुमारास त्यांनी लॉगवर आधारलेलं एकक आणलं आणि पुढे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलच्या नावावरून त्याचं बारसं केलं. एका मैलाची घट आजच्या जवळपास १ डेसिबल भरते. फायदा काय? पटींचे गुणाकार करत बसायचं नाही. तारेत ३० गेले, अॅम्प्लिफायरने २५ परत दिले, निव्वळ उणे ५. भागिले, गुणिले, दशांश, सगळं गायब.

अर्धविराम
टेलिफोनवाल्यांची सोय समजली. पण मग काही ठिकाणी सूत्रात लॉगला १०ने गुणतात आणि काही ठिकाणी २०ने. यातलं खरं कोणतं?

गणितवेडी
दोन्ही. तीव्रतेचं किंवा शक्तीचं गुणोत्तर असेल तर १०. दाबाचं असेल तर २०, कारण दाबाचा वर्ग केला की तीव्रता मिळते आणि वर्गातला २ लॉगच्या बाहेर येतो. उत्तर एकच येतं. म्हणून दाब दुप्पट झाला की ६ डेसिबल आणि तीव्रता दुप्पट झाली की ३. 'दुप्पट' म्हणणाऱ्याला आधी विचारायचं, कशाची?

कानसेन
हाच प्रश्न भोवरा यांच्या 'निम्म्या'लाही विचारायला हवा. माझं काम श्रवणचाचण्यांचं, म्हणून कानाच्या बाजूने लिहितो.

निम्मी तीव्रता आणि निम्मा वाटणारा आवाज या वेगळ्या गोष्टी आहेत. माणसांना आवाज ऐकवून "आता हा निम्मा वाटतो का" असं विचारत गेलं की बहुतेकांचं बोट १० डेसिबलच्या आसपास थांबतं. काहींचं अलीकडे, काहींचं पलीकडे, पण सरासरी तीच. म्हणजे ८८चा आवाज निम्मा वाटायला ७८ हवेत. त्यासाठी ऊर्जा ५० टक्के कापून भागत नाही, ९० टक्के कापावी लागते. सलग चालू असलेल्या आवाजात ३चा बदल लक्ष दिलं तर कळतो. आज आणि परवा यांत ३चा फरक पडला तर तो लक्षात येणं अवघड. त्यामुळे बसवणारा खरा आणि तुमचा कानही खरा.

याची मुळं जुनी आहेत. एकोणिसाव्या शतकात वेबर नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने माणसांना हातात वजनं धरायला लावून तपासलं होतं. फरक जाणवायला किती वजन वाढवावं लागतं ते हातात आधी किती आहे त्यावर ठरतं. फेशनरने १८६०मध्ये त्यावरून लॉगचा नियम मांडला. पुढे स्टीव्हन्सने दाखवलं की संवेदना काटेकोर लॉगने चालत नाही, घातांकाच्या नियमाने चालते. "कान लॉगमध्ये ऐकतो" हे वाक्य म्हणूनच ढोबळ आहे. तो तसं ऐकत असता तर ४०वरून ५०ला जाताना आणि ८०वरून ९०ला जाताना सारखीच भर पडल्यासारखी वाटली असती. प्रत्यक्षात दोन्ही वेळा आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो.

पण भोवरा, ते ३ डेसिबल वाया गेलेत असं समजू नका. कानाच्या आतल्या केसपेशींना इजा होते ती पोचलेल्या एकूण ऊर्जेने, आवाज किती मोठा 'वाटला' त्याने नाही. अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेची शिफारस आहे ८५ डेसिबलला दिवसाला ८ तास. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ला ४ तास, ९१ला २, १००ला फक्त १५ मिनिटं. त्याच देशातला कायदेशीर नियम मात्र सैल आहे, ९०ला ८ तास आणि दर ५ डेसिबलला निम्मा वेळ. माझ्या मते ३चा हिशोबच धरावा. तुमच्या हॉलमध्ये उभं राहायची मुभा ४ तासांवरून ८वर गेली. कानाला कळलं नाही, पण लागायचं कमी झालं.

शून्यवादी
वाचतोय. एक बाळबोध शंका. शून्य डेसिबल म्हणजे आवाजच नाही ना? मग कुठेतरी 'उणे डेसिबल' वाचलं ते काय?

गणितवेडी
शून्य म्हणजे 'संदर्भाइतकाच'. १चा लॉग शून्य, एवढंच. संदर्भापेक्षा कमी आवाज असला की आकडा उणे. आवाज अजिबात नसेल तर लॉग उणे अनंताकडे पळतो, त्यामुळे निखळ शांततेला डेसिबलमध्ये आकडाच नाही.

ध्वनिलहर
मायक्रोसॉफ्टच्या रेडमंडमधल्या प्रतिध्वनिरहित खोलीत २०१५मध्ये उणे २०.६ मोजले होते. अशा खोल्यांत माणसाला स्वतःचं रक्ताभिसरण ऐकू येऊ लागतं म्हणतात. अॅम्प्लिफायरच्या पडद्यावर 'उणे ३५' दिसतात ते मात्र वेगळं प्रकरण. तिथे संदर्भ म्हणजे त्या यंत्राची ठरवलेली कमाल पातळी. नुसतं 'डेसिबल' लिहिणं म्हणजे 'स्टेशनपासून चौथं घर' सांगून स्टेशनचं नाव न सांगणं.

शून्यवादी
मग निळा देवमासा १८८ डेसिबल ओरडतो, जेट इंजिनापेक्षा जास्त, असं सगळीकडे फिरतं ते?

ध्वनिलहर
त्याच गफलतीचं उत्तम उदाहरण. हवेत संदर्भ २० मायक्रोपास्कल, पाण्यात १ मायक्रोपास्कल. नुसत्या या बदलाने २६ डेसिबल फुगतात. वर पाणी हवेपेक्षा इतकं घट्ट की तेवढ्याच दाबाने त्यात खूपच कमी शक्ती वाहते. ते साधारण ३६. तीव्रतेची तुलना करायची तर पाण्यातल्या आकड्यातून जवळपास ६२ वजा करायचे. १८८चे उरले १२६. देवमासा दांडगाच आहे, पण विमानतळाशी त्याची स्पर्धा लावायचं कारण नाही.

निवांत
देवमाशाचे ६२ डेसिबल एका प्रतिसादात कापले. वाचनखूण साठवली.

गणितवेडी
छापखान्याकडे परत येऊ. भोवरा, तुम्ही दिलेले ८८ आणि ८५ हे हॉलचे आकडे आहेत, कॉम्प्रेसरचे नाहीत. छपाईची यंत्रं तेव्हा चालू होती का? असतील तर कॉम्प्रेसर बंद ठेवून, बाकी सगळं तसंच ठेवून, त्याच जागी पुन्हा मोजा.

ध्वनिलहर
आणि मीटरवर ए आणि सी अशा दोन मोजण्यांचं बटण असेल तर दोन्हीत मोजा. मोबाईलचं अॅप वापरत असाल तर आकड्यांचा भरवसा धरू नका. फोनचा माइक बोलण्यासाठी असतो. खालचे सूर तो कापतो आणि मोठा आवाज आला की दाबून टाकतो.

भोवरा
मीटर स्वतंत्र आहे, मोबाईल नाही. आज मोजलं. यंत्रं आधीही चालूच होती.
ए वर: सगळं चालू ८५, कॉम्प्रेसर बंद ८४.
सी वर: सगळं चालू ९३, कॉम्प्रेसर बंद ८६.
म्हणजे कॉम्प्रेसर फक्त १ डेसिबलचा?? आता तर डोकंच चालेनासं झालं.

गणितवेडी
सुंदर आकडे आणलेत. डेसिबलची वजाबाकी थेट करायची नाही. आधी लॉग उलटवून मूळ पटीत जायचं, तिथे वजा करायचं, मग परत लॉग घ्यायचा.

८५ म्हणजे संदर्भाच्या ३१.६ कोटी पट. ८४ म्हणजे २५.१ कोटी पट. वजा केले, उरले ६.५ कोटी. त्याचे डेसिबल ७८. हा पेटीतला कॉम्प्रेसर एकटा.
पेटीच्या आधी ८८ म्हणजे ६३.१ कोटी. त्यातून यंत्रांचे तेच २५.१ गेले, उरले ३८. त्याचे डेसिबल जवळपास ८६.

म्हणजे पेटीने कॉम्प्रेसर ८६वरून ७८वर आणला. ३ नाही, ८च्या आसपास! ऊर्जा ५० टक्के नाही, ८० टक्क्यांहून जास्त कापली. बसवणाऱ्याने स्वतःचं काम कमी करून सांगितलंय, असा माणूस दुर्मिळच. हॉलचा आकडा ८५ला अडलाय तो छपाईच्या यंत्रांमुळे. कॉम्प्रेसर उचलून बाहेर फेकला तरी ८४ उरणारच.

अर्धविराम
थांबा. ८४ आणि ७८ मिळून ८५?

गणितवेडी
हो. दोन सारखे आवाज मिळून ३ वाढतात, ८० आणि ८० मिळून ८३. दुसरा ६ने कमी असेल तर मोठ्यात जेमतेम १ची भर पडते. १०ने कमी असेल तर अर्धाही नाही. मोठा आवाज लहान्याला गिळतो.

ध्वनिलहर
ताईंची रीत बरोबर, पण त्या ७८वर फार विसंबू नका. चालू आणि बंद यांत फक्त १चा फरक आहे. मीटर अर्ध्या डेसिबलने इकडेतिकडे झाला, ८४चे ८४.५ किंवा ८३.५ असले, तर उत्तर ७५पासून ८०पर्यंत कुठेही जातं. अशी वजाबाकी करायची तर किमान ३चा फरक हवा असा प्रघात आहे. १०चा असेल तर वजाबाकीची गरजच नाही.

मला रस आहे तो सी मध्ये. तिथे फरक ७चा आहे, म्हणजे उत्तर भरवशाचं. ९३मधून ८६ वजा केले की कॉम्प्रेसर एकटा ९२. तोच कॉम्प्रेसर, तीच जागा, ए मध्ये ७८ आणि सी मध्ये ९२!

कारण असं. कान सगळे सूर सारखे ऐकत नाही. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्ये याचे वक्र काढले. खालच्या सुरांना कान बराच बहिरा असतो, विशेषतः आवाज हळू असताना. ए मोजणीत त्याची नक्कल केलेली असते. १२५ हर्ट्झला मीटर १६ डेसिबल कापून सांगतो, ६३ हर्ट्झला २६. सी जवळपास काहीच कापत नाही. दोन्हींत १४चा फरक म्हणजे पेटीतून बाहेर येणारा आवाज जवळजवळ सगळा १२५ हर्ट्झच्या आसपासची घरघर आहे.

आणि इथे ए फसवतो. तो ४० डेसिबलच्या आसपासच्या हळू आवाजांवरून बेतलेला आहे. आवाज मोठा झाला की कानाचा खालच्या सुरांचा बहिरेपणा कमी होतो. त्यामुळे ९०च्या घरातली घरघर ए च्या आकड्यापेक्षा पुष्कळ जास्त ऐकू येते. भोवरा, तुम्हाला 'काडीचाही फरक नाही' वाटतं ते बहुधा यामुळेच. पेटीने शिट्टीसारखा, खडखडीचा भाग खाल्ला. डोकं उठवणारा घुमणारा भाग तसाच राहिला.

भोवरा
अगदी! शिट्टीसारखं काहीतरी गेलंय खरं, माझ्या मुलाने परवा तेच सांगितलं होतं. पण ती घरघर पेटीतून सुटते कशी? चांगली जाड आहे, आतून स्पंज आहे.

ध्वनिलहर
स्पंज वरच्या सुरांचं औषध. १२५ हर्ट्झची लाट पावणेतीन मीटर लांब असते, दोन बोटं स्पंज तिला जुमानत नाही. तिला अडवतं वजन. ढोबळ नियम असा की पत्र्याचं वजन दुप्पट केलं की ६ डेसिबल जास्त अडतात आणि सूर एक सप्तक खाली गेला की ६ कमी अडतात. म्हणजे जो सूर वर २० अडतो तोच तीन सप्तकं खाली २ अडेल.

दुसरी वाट फटींची. पेटीच्या पृष्ठभागाच्या १ टक्का जागा उघडी असेल तर भिंती कितीही जाड करा, २०च्या पलीकडे जाता येत नाही, कारण शंभरावा हिस्सा सरळ बाहेर पडतोच. हवेसाठी झरोका लागणारच, पण त्याला वळणं देऊन आतून अस्तर लावतात. तिसरी वाट जमीन. कॉम्प्रेसर थेट फरशीवर असेल तर फरशीच बोलते आणि पेटी नुसती बघत बसते. मी असतो तर आधी त्याच्या पायांखाली त्याच्या वजनाला बेतलेल्या स्प्रिंगा किंवा रबरी बैठका घातल्या असत्या. सगळ्यात स्वस्त तेच.

कानसेन
एक पुरवणी. मोजताना आकड्याची साधी सरासरी काढू नका. एका तासात ५९ मिनिटं ६० आणि एकच मिनिट १०० असेल तर साधी सरासरी ६१ सुद्धा होत नाही. ऊर्जेची सरासरी काढली तर ८२ येतात आणि कानाला लागू पडतात ते हेच. मीटरवर 'एलइक्यू', म्हणजे हीच ऊर्जेची सरासरी, असेल तर ते वापरा.

भोवरा
बैठकांचं बोलून ठेवलं. बसवणाऱ्याशी भांडण रद्द. आता मला जमतंय का बघा. छपाईची दोन यंत्रं मिळून ए वर ८४. दोन्ही सारखी असतील तर एक बंद केल्यावर ८१ यायला हवेत. बरोबर?

गणितवेडी
बरोबर. सारखी आहेत का ते मीटर सांगेल.

भोवरा
जुनं एकटं चालवलं. ८२.

गणितवेडी
मग नवं ८०च्या जरा खाली असणार. २५.१मधून १५.८ गेले, ९.३ उरले, म्हणजे ७९.७. फरक २चाच आहे, ध्वनिलहर रागावतील, तेव्हा नवंही एकटं चालवून ताळा करा. आला तर पुढचा खर्च जुन्या यंत्रावर.

भोवरा
७९.५.

निवांत
४४ला अजून ३५.५ बाकी. उशी घेऊन थांबलोय.